संशोधक, कंपनीचे अधिकारी आणि मग नियामक : ग्युला शॉल्लाई यांच्या कारकिर्दीविषयी एक शंका

तापीकाठ (जळगाव) :
मी जळगाव येथे इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत असून सेमिनारसाठी हंगेरीचे अभियंते ग्युला शॉल्लाई यांची कारकीर्द निवडली आहे. बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठात शिक्षण, टपाल खात्याच्या संशोधन संस्थेत संशोधक ते उपसंचालक, मग हंगेरियन दूरसंचार कंपनीत प्रथम धोरण संचालक व नंतर उपमुख्य कार्यकारी अधिकारी, त्यानंतर देशाच्या संचार प्राधिकरणात उपाध्यक्ष आणि २००२ पासून काही वर्षे विद्यापीठात विभागप्रमुख, असा हा प्रवास आहे. ज्या कंपनीत आपण वरिष्ठ पदावर होतो तिच्यावरच देखरेख ठेवणाऱ्या संस्थेत जाणे योग्य कसे ठरते, हे मला उलगडत नाही. शिवाय नियामक संस्थेत अभियंत्याला काम तरी काय असते? ते क्षेत्र वकिलांचे आणि अर्थतज्ज्ञांचे असावे, असा माझा समज आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त दूरसंचार अभियंता (धुळे) :
पदांच्या यादीशेजारी त्या देशाचा काळ मांडून पाहा, म्हणजे बराचसा उलगडा होईल. हंगेरीत टपाल, तार आणि दूरध्वनी ही सर्व कामे एकाच खात्याकडे होती. आपल्याकडेही १९८५ पर्यंत टपाल आणि दूरसंचार एकत्रच होते. सेवा देणारे, दर ठरवणारे आणि तक्रार ऐकणारे तेच. १९९०च्या सुमारास तेथे शंभर माणसांमागे जेमतेम दहा दूरध्वनी होते आणि जोडणीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याला दिल्लीचा भाव हवा असे, तेव्हा तो ट्रंक कॉल नोंदवून बसे. साधा कॉल लागेना म्हणून ‘अर्जंट’ करी आणि तोही लागेना म्हणून शेवटी ‘लाइटनिंग’चे पैसे मोजी, तोवर इकडे वॅगन भरून तयार असे.

पुढे दूरसंचार कंपनी टपाल खात्यापासून वेगळी झाली, १९९२ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला आणि १९९३ च्या डिसेंबरात ‘मताव’ या नावाच्या त्याच कंपनीचा सुमारे ३० टक्के हिस्सा जर्मनीची डॉइचे टेलिकॉम आणि अमेरिकेची अमेरिटेक यांच्या गटाने ८७.५ कोटी डॉलरला घेतला. या व्यवहाराबरोबर कंपनीला आठ वर्षांचा एकाधिकार मिळाला, म्हणजे तो २००१ च्या अखेरीस संपणार होता. त्या मुदतीत स्पर्धेचे नियम तयार करायचे, तर जाळे आतून ओळखणारी माणसे लागणार आणि तशी माणसे जुन्या खात्याबाहेर कोठून आणायची? शॉल्लाई यांची प्राधिकरणातील कारकीर्द या संक्रमणाच्या काळातील आहे, हे सेमिनारमध्ये अवश्य सांगा.

प्राध्यापक (शिरपूर) :
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, तर तो पोहोचवण्याबद्दल दुसरीने पहिलीकडून किती पैसे घ्यावेत, हा नियामकापुढचा सर्वात किचकट प्रश्न. त्यासाठी कॉल कोणत्या एक्स्चेंजवर सुपूर्द होतो, गर्दीच्या तासाला किती वाहिन्या लागतात आणि तो कॉल आलाच नसता तर कोणता खर्च टळला असता, हे काढावे लागते. जुनी कंपनी आपला सगळा अवाढव्य खर्च या हिशेबात घालू पाहते आणि तो आकडा खोडून काढायला जाळ्याचा आराखडा वाचता येणारा माणूसच लागतो. आपल्याकडे हा आकार, म्हणजे हे शुल्क, २०१५ मध्ये मिनिटाला १४ पैसे झाला, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे आणि जानेवारी २०२१ पासून शून्य. प्रत्येक वेळी कंपन्यांत केवढी रणे माजली, ते जुन्या वर्तमानपत्रांत पाहा.

दुसरे काम रेडिओ लहरींच्या वारंवारितांचे (फ्रिक्वेन्सींचे). हंगेरीला सात शेजारी देश आहेत आणि लहरींना सीमा कळत नाही. नवापूर रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. तेथील फलाटावर मोबाइलने शेजारच्या दूरसंचार परिमंडळाचा (सर्कलचा) मनोरा पकडला की पूर्वी रोमिंगचा भुर्दंड बसे. एका देशात हा प्रश्न बिलापुरता राहतो. दोन देशांत मात्र सीमेवर क्षेत्रतीव्रता, म्हणजे लहरींचा जोर, किती असावी याचे करार करावे लागतात आणि ती बोलणी अभियंतेच करतात.

सिग्नलवाला (भुसावळ) :
धुळ्याच्या सरांबद्दल आदर राखून लिहितो की, ‘दुसरी माणसे नव्हती’ एवढ्यावर हितसंबंधांचा प्रश्न मिटत नाही. कंपनीचे आडाखे ठाऊक असलेला माणूस नियामक म्हणून उपयोगी असतो, पण जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध निकाल देताना त्याची कसोटी लागते. म्हणून व्यक्तीच्या सचोटीबरोबर कायद्याचे कुंपणही हवे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात नियामक संस्था सेवा देणाऱ्या कंपन्यांपासून कायद्याने वेगळी व कामकाजात स्वतंत्र असावी, असे स्पष्ट म्हटले आहे आणि २००४ मध्ये संघात जाणाऱ्या हंगेरीला ते पाळणे भाग होते. आपल्याकडे १९९७ मध्ये ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था स्थापन झाली, २००० मध्ये तंटे सोडवण्याचे काम तिच्याकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दिले गेले. ट्रायच्या अध्यक्षांना आणि पूर्णवेळ सदस्यांना पद सोडल्यावर दोन वर्षे केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय दूरसंचार कंपनीत पद घेता येत नाही. बाहेर पडण्याच्या दाराला कडी आहे. आत येण्याच्या दाराविषयी शॉल्लाई यांचे उदाहरण घेऊन वर्गात चर्चा घडवता येईल.

तापीकाठ (जळगाव) :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सेमिनारचा मुख्य भाग आता १९९३ ते २००१ या आठ वर्षांवर ठेवतो. या वाटेने जायचे असल्यास आपल्याकडे सुरुवात कोठून करावी, एवढे सांगावे.

प्राध्यापक (शिरपूर) :
केंद्रीय लोकसेवा आयोगाची (यूपीएससी) अभियांत्रिकी सेवा परीक्षा पाहा. तिच्यातून भारतीय दूरसंचार सेवेत आणि वारंवारितांचे काम पाहणाऱ्या भारतीय रेडिओ नियामक सेवेत निवड होते. तिसऱ्या वर्षातच अँटेना, लहरींचे प्रसारण आणि ट्रॅफिकचे, म्हणजे जाळ्यावरील कॉलच्या वर्दळीचे, गणित पक्के करा. हे विषय मुले पर्यायाला टाकतात.