उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटची पहिली छत्री कुठं: ॲम्ब्युलन्सच्या टपावर की आरोग्य केंद्राच्या गच्चीवर?

किनवटकर:
मागच्या पावसाळ्यात काकांच्या छातीत कळ आली. नांदेडला नेताना ॲम्ब्युलन्समध्ये मी मागं बसलो होतो. ईसीजीची पट्टी मांडीवर पसरून फोटो काढला, तिथल्या डॉक्टरांना पाठवला. इस्लापूर मागं पडलं तरी फोटोवरचं गोल चक्र फिरतच होतं. भोकरजवळ एकदाचा गेला. काका वाचले, पण ते चक्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीसोबत इरादापत्र केलं. त्यात मराठवाड्यातला धाराशिव आहे. किनवट-माहूरही घ्या, आणि पहिली छत्री ॲम्ब्युलन्सवर बसवा. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ४८० ते ५५० किलोमीटरवरून फिरतात, जुन्या पद्धतीचे ३५,७८६ किलोमीटरवर असतात. त्यामुळं बोलणं अडखळत नाही, डॉक्टर पेशंटला समोर बघून सूचना देऊ शकतात. छत्रीही आता सपाट पाटीसारखी. ती जागची न हलता उपग्रहाचा माग काढते.

माहूरची सिस्टर:
दादा, तुमची घालमेल कळते. पण त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी साग आहे. पावसाळ्यात त्याचं पान सुपाएवढं होतं. छत्रीला उघडं आभाळ लागतं, फांदी आडवी आली की लाइन तुटते. धावत्या गाडीत ते दर वळणाला होणार.

माझ्या केंद्रात लसीकरणाची नोंद करायला मी रेंजसाठी टॅब घेऊन पाण्याच्या टाकीवर चढते. पावसात शिडी निसरडी होते, टॅब ओढणीत गुंडाळून पोटाशी धरावा लागतो. गच्चीवर एक छत्री बसली तर दिवसभराच्या सगळ्या पेशंटना उपयोग. ईसीजीही गाडी हलायच्या आधीच नांदेडला पोचेल.

किनवटकर:
ताई, पेशंट वाटेत बिघडतो त्याचं काय? निघतानाची पट्टी वेगळी, तासाभरानंतरची वेगळी. झाडाखाली पाच-दहा सेकंद तुटलं तर व्हिडिओ थांबेल, फोटो मात्र पुढच्या मोकळ्या तुकड्यात निघून जाईल. आम्हाला दोन तास तेवढंही मिळालं नाही.

लातूरचा वायरमन:
विजेची अडचण नाही. छोटी छत्री किलोभराची, २५ ते ४० वॅट खाते, गाडीच्या १२ व्होल्टवर चालते. मोठीला ७५ ते १०० वॅट लागतात, ऑक्सिजनचं यंत्र चालू असताना तो भार मी टाकणार नाही. एक मात्र सांगतो, बाहेरच्या देशातून कुणाकडून आणून टपावर ठोकू नका. स्टारलिंकला परवाना जून २०२५ मध्ये आणि केंद्राच्या इन-स्पेस या अंतराळ नियामक संस्थेची मंजुरी जुलैत मिळाली, म्हणून परस्पर आणलेलं यंत्र कायदेशीर होत नाही. गाडीतल्या वापराची परवानगी आधी लेखी बघा.

आणि दोघांनाही विचारतो, टॉवर का मागत नाही? टॉवर उभा राहिला तर गाडी, केंद्र, शेतातला माणूस, सगळ्यांच्या खिशातला फोन चालेल.

माहूरची सिस्टर:
टॉवर मागून आमची वर्षं गेली, भाऊ. रानातून केबल ओढायची तर वनखात्याची परवानगी, आणि डोंगर आडवा आला की टॉवरची रेंज पुन्हा तुटतेच.

किनवटकर दादा, वाटेतल्या पेशंटचं तुमचं म्हणणं मला पटलं. सागाचं नाही पटलं, एकदा श्रावणात गाडीवर लावून दाखवा. टपावर जरूर बसवा, पण ती छत्री माझ्या केंद्राच्या वाट्यातून काढलेली नसावी.