मदत हवी आहे: नोकरी गेली, लीजवरची महागडी गाडी २२ महिने आधी कशी सोडवू? (न्यू जर्सी)

उंबरठा

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी नोकरी गेली. मी एच-१बीवर (नोकरीशी बांधलेल्या अमेरिकी व्हिसावर) आहे, त्यामुळे नवी नोकरी शोधायची ६० दिवसांची मुदत सुरू झाली आणि त्यातले २३ दिवस संपलेसुद्धा. नवी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर परत जायची तयारी ठेवायला हवी. घरभाडं आणि मुलीच्या डे-केअरचे पैसे साठवलेल्यातून तीन-चार महिने निघतील. गळ्याशी आलंय ते गाडीचं.

सप्टेंबर २०२४ मध्ये एका जर्मन ब्रँडची इलेक्ट्रिक एसयूव्ही ३६ महिन्यांच्या लीजवर घेतली, म्हणजे हप्ते भरून वापरायची आणि मुदत संपली की परत करायची. छापील किंमत ६८,००० डॉलर. तेव्हा लीजच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ७,५०० डॉलरची फेडरल सवलत किमतीतून वळती होत होती, म्हणून हप्ता ८३५ वर आला. त्यावर विमा २१०. १४ हप्ते भरले, २२ राहिलेत. आजपर्यंत एकही चुकलेला नाही. पुढचा १५ डिसेंबरला.

गाडी घेतली तेव्हा आई इथे होती. डीलरच्या अंगणातच तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली चार लिंबं ठेवली. तिचे गुडघे दुखायचे, गरम होणाऱ्या सीटवर बसली की तिला बरं वाटायचं. आपल्याला आता हे परवडतं असं तिला सांगणारा मीच होतो. ते डोक्यातून जात नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. माझा क्रेडिटचा (कर्जफेडीचा) इतिहास तेव्हा तोकडा होता, म्हणून धाकट्या बहिणीच्या यजमानांनी को-साइन केलं, म्हणजे मी हप्ते चुकवले तर जबाबदारी त्यांच्यावर. ते टेक्सासला असतात आणि येत्या मार्चमध्ये घर घ्यायच्या बेतात आहेत. माझ्यामुळे त्यांचं कर्ज अडलं तर मी बहिणीला तोंड कसं दाखवू?

डीलरकडे गेलो तर तो म्हणाला, "गाडी आणून ठेवा, चाव्या द्या, पुढचं आम्ही बघतो." ऐकायला सोपं वाटलं, पण मन धजत नाही. हे करू का? की कोणाला लीज देऊन टाकता येते? कंपनीला फोन करून नोकरी गेल्याचं सांगावं, की त्याने उलटंच होईल? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

हिशेबनीस

उंबरठा, आधी एकच सांगतो: चाव्या देऊ नका. मुदत संपल्यावर गाडी परत करणं आणि मध्येच नेऊन ठेवणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. मध्येच ठेवली की इथल्या भाषेत ते व्हॉलंटरी सरेंडर. कंपनी ती गाडी घाऊक लिलावात काढते, तिथे बाजारभावापेक्षा कमीच येतं, आणि तुमच्या नावावरच्या बाकीतून तेवढंच वजा करून उरलेल्याचं बिल तुम्हाला पाठवते. क्रेडिट रिपोर्टवर ही नोंद सात वर्षांपर्यंत राहू शकते. को-साइन केलेल्याच्या रिपोर्टवरही.

तुमच्या कराराची प्रत काढा. १९७६ च्या कन्झ्युमर लीजिंग अ‍ॅक्टमुळे मुदतीआधी लीज मोडण्याबद्दलचा इशारा त्यात ठळकपणे द्यावाच लागतो. कित्येक हजार डॉलरचा भुर्दंड पडू शकतो, जितक्या लवकर मोडाल तितका जास्त, असं त्यात लिहिलेलं असेल. सही करताना तो कोणीच वाचत नाही, मीही वाचला नव्हता.

आता दोन आकडे आणा. पहिला, फायनान्स कंपनीकडून आजचा पे-ऑफ कोट, म्हणजे आज लीज पूर्ण मिटवायला लागणारी रक्कम. दुसरा, गाडीची आजची किंमत. कारमॅक्स, कारवाना या जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपन्यांच्या साइटवर व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) आणि मायलेज टाकलं की पाच मिनिटांत कळते. शिवाय फोनवर एक प्रश्न नक्की विचारा: बाहेरच्या डीलरने गाडी विकत घेतलेली तुम्हाला चालते का? २०२१ पासून बऱ्याच कंपन्यांनी ते बंद केलंय. हे आकडे आल्याशिवाय कोणताही सल्ला म्हणजे अंधारात बाण मारणं.

उंबरठा

हिशेबनीस, मनापासून आभार. दिवसभर फोनवर होतो.

पे-ऑफ ५१,४००. करारातला रेसिड्युअल (मुदतीअखेरची ठरवलेली किंमत) ३६,७२०. ऑनलाइन सर्वांत जास्त आलेली किंमत ४३,२००. बाहेरच्या डीलरला विकू देत नाहीत, त्यांच्याच ब्रँडच्या डीलरला चालेल, आणि तो ४२,००० म्हणतोय. म्हणजे नऊ हजारांच्या वरचं भगदाड. उजव्या पुढच्या चाकाचं रिम ओक ट्री रोडवर पार्किंग करताना फुटपाथला घासलंय, त्याचे त्याने वेगळे धरलेत.

१४ महिन्यांत अकरा हजारांवर भरले आणि तरी एवढा फरक कसा, हेच कळत नाहीये.

हिशेबनीस

कारण हप्ता ३६ समान भागांत वाटलेला असतो, पण गाडीची किंमत समान पडत नाही. पहिल्या दोन वर्षांत ती दाणकन खाली येते आणि महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांची तर फारच. तुमच्या हप्त्यातून साधारण साडेसहाशे किमतीतली घट फेडायला गेले, उरलेलं व्याजासारखं भाडं. बाजारात गाडी त्याहून कितीतरी वेगाने उतरली.

मुदत पूर्ण केली असती तर हा तोटा कंपनीचा होता, कारण ३६,७२० ही किंमत त्यांनी ठरवलेली. मध्ये मोडलीत की तो तुमच्या अंगावर येतो.

कोणी "स्वतः विकत घे आणि मग बाहेर विक" सुचवेल. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के विक्रीकर आहे. ५१,४०० वर तो ३,४०० च्या आसपास. ४३,२०० ला विकली तरी ८,२०० चं भगदाड ११,६०० होईल. तो मार्ग बाद.

दुपारचा_चहा

माझ्या ओळखीत एकाने मित्राला गाडी चालवायला दिली, मित्र दर महिन्याला पैसे ट्रान्सफर करतो. कागदपत्रं काही नाहीत. असं जमणार नाही का? एडिसनमध्ये कोणी ना कोणी मिळेल.

परतवाट

दुपारचा_चहा, तुम्ही मदतीच्या भावनेनेच लिहिलंय, पण हे करू नये. करारात बहुधा याला मनाई असतेच. गाडी तुमच्या नावावर, विमा तुमच्या नावावर, चालवणारा तिसराच. अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकू शकते आणि समोरचा वकील तुमच्याच दारात येतो. टोलची आणि दंडाची पत्रंही तुमच्याच पत्त्यावर. उंबरठा उद्या भारतात परतले तर इथे ती पत्रं उघडणार कोण?

आता माझं सांगते. उंबरठा, तुम्ही आज जिथे आहात तिथे आम्ही २०२० च्या उन्हाळ्यात होतो. नवऱ्याची नोकरी गेली, आम्ही नाशिकला परतायचं ठरवलं. विमान चार दिवसांवर, घरात उघड्या सूटकेस, आणि गाडीचं काय करायचं हे कोणाला सुचत नव्हतं. शेवटच्या दुपारी ती डीलरकडे नेऊन ठेवली. पावतीसुद्धा मागितली नाही. मुलाची कार सीट मागच्या सीटवर तशीच राहिली, ते विमानतळावर लक्षात आलं.

तीन महिन्यांनी ईमेल आला. लिलावात गाडी स्वस्तात गेली, वर ओढून नेण्याचे आणि लिलावाचे पैसे, एकूण सात हजार आठशे बाकी. आम्ही नाशिकमध्ये, रुपयात कमावत होतो. ते खातं वसुलीवाल्यांकडे गेलं. २०२३ मध्ये आम्ही पुन्हा अमेरिकेत आलो तेव्हा अपार्टमेंट द्यायला कोणी तयार होईना, शेवटी तीन महिन्यांचं भाडं आगाऊ भरून एक मिळालं. देश सोडला म्हणून कर्ज सुटत नाही. आणि तुमच्या बाबतीत तर मेहुणे इथेच आहेत, कंपनी सरळ त्यांच्याकडे जाईल.

आणखी एक. आम्हाला फार उशिरा कळलं की कंपनीने ठरवलेली किंमत पटली नाही तर दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या जाणकाराकडून आपल्या खर्चाने मूल्यांकन करून घ्यायचा हक्क कायद्यात आहे. आम्ही तेव्हा विचारलंच नाही.

खिडकीपाशी

उंबरठा, मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची. २०२३ मध्ये लेऑफनंतर माझी लीज दुसऱ्याच्या नावावर केली, त्यामुळे खात्रीने लिहिते. तुमच्यासाठी हाच रस्ता दिसतोय.

आधी कंपनीला विचारा की लीज ट्रान्सफर करू देतात का. काही देतच नाहीत. काही देतात, पण नव्या माणसाचा हप्ता चुकला तर जुन्याला धरतात. म्हणून "चालतं" एवढ्यावर फोन ठेवू नका. मूळ सही करणारा आणि को-साइनर दोघेही पूर्ण मोकळे होतात का, हे लेखी मागा.

देत असतील तर स्वॅपअलीज किंवा लीजट्रेडर या लीज दुसऱ्याला देण्याच्या साइटवर जाहिरात टाका. माझी पाच आठवडे नुसती पडून होती. फोटो रात्री काढले होते, आणि मी रोख काही देऊ केलं नव्हतं. मग एका रविवारी सकाळी गाडी धुऊन, उन्हात उभी करून चौदा फोटो काढले, त्यात दरवाजावरच्या ओरखड्याचाही जवळून एक. आणि लिहिलं, "गाडी घेणाऱ्याला २,५०० डॉलर मी देईन." चार दिवसांत तीन जण आले. आपण पैसे भरून गाडी द्यायची हे मला गिळवत नव्हतं. पण तुमचंच बघा, नऊ हजारांपुढे तीन हजार.

शिवाय तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. ती ७,५०० ची सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली. तुमच्या हप्त्यात ती आधीच मुरलेली आहे. आज तीच गाडी नव्याने लीज करायला गेलं तर हप्ता तुमच्यापेक्षा जास्त पडायची शक्यता आहे. जाहिरातीत हे पहिल्या ओळीत लिहा. २२ महिनेच राहिलेत हेही. कमी मुदतीची लीज शोधणारे बरेच असतात.

आणि तोवर हप्ता चुकवू नका. खात्यावर थकबाकी दिसली की कंपनी ट्रान्सफरला हातच लावत नाही.

सिंहगड_रोड

विषय जरा वेगळा, पण पुण्यातल्या वाचकांसाठी लिहितो. आपल्याकडे नोकरीतून मिळणारी कार लीज असते तिथेही हाच फास आहे. पगारातून करात सवलत मिळते म्हणून लोक आवाक्याबाहेरची गाडी घेतात. नोकरी सुटली की लीज मोडायचा खर्च कर्मचाऱ्यावर येतो, आणि बऱ्याचदा तो शेवटच्या हिशेबातूनच कापतात. नवी कंपनी त्याच लीज कंपनीशी जोडलेली असेल तर लीज तिकडे हलवता येते. राजीनाम्याआधी एचआरला हे विचारून ठेवा.

हिशेबनीस

खिडकीपाशी यांनी लाखमोलाचं लिहिलंय. मी एवढंच जोडतो. कंपनीला नोकरी गेल्याचं सांगा, आणि हप्ता चुकायच्या आधी सांगा. बऱ्याच फायनान्स कंपन्या एक-दोन हप्ते पुढे ढकलतात. ते माफ होत नाहीत, पण ३० दिवसांची थकबाकी क्रेडिट ब्युरोकडे (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) जाण्यापासून वाचता. फोनवर कबूल केलं तरी ईमेल आल्याशिवाय ऑटो-पे बंद करू नका.

गॅप इन्शुरन्सने हे भगदाड भरेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण बाद झाली तरच तो लागतो.

आणि मेहुण्यांना आजच फोन करा. बँकेच्या माणसाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे.

उंबरठा

आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

त्या रात्रीच मेहुण्यांना फोन केला. बोलताना घसा दाटून आला होता. ते एवढंच म्हणाले, "दादा, आधी व्हिसाचं बघा, गाडीचं आपण दोघं मिळून बघू." बहीण मागून काहीतरी म्हणत होती, तिने फोन घेतला आणि आधी मुलीची चौकशी केली.

कंपनीने डिसेंबरचा हप्ता पुढे ढकललाय, ईमेल आलाय. ट्रान्सफर करू देतात, फी ५९५ डॉलर, आणि नवा माणूस मंजूर झाला की आम्ही दोघेही मोकळे, असं फोनवर सांगितलं. लेखी मागितलंय, अजून आलेलं नाही.

शनिवारी सकाळी गाडी धुतली. स्वस्तिकाचा पुसट लाल डाग बॉनेटच्या कडेला अजून होता, तोही पुसून काढला. उन्हात फोटो काढले, घासलेल्या रिमचाही. ३,००० डॉलर देऊ केलेत. काल प्रिन्स्टनहून एकाचा फोन आला, त्याला २२ महिनेच हवी आहे. परवा गाडी बघायला येतोय आणि त्याची क्रेडिट तपासणीला तयारी आहे. नोकरीसाठी एक मुलाखतही लागली आहे, शेवटची फेरी गुरुवारी.

एक प्रश्न राहिला. त्याला गाडी दिली की विमा आणि नंबर प्लेट कधी काढायची? मी इथून घाईने निघालो तर यात चूक व्हायला नको.

खिडकीपाशी

ट्रान्सफर पूर्ण झाल्याचं पत्र कंपनीकडून हातात येईपर्यंत विमा सुरू ठेवा, एक दिवसही मध्ये रिकामा जाऊ देऊ नका. गाडी देताना मायलेजचा फोटो काढा, आणि तारीख-वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. टोलचा ई-झेडपास काचेवरून काढा, गाडीच्या अ‍ॅपमधून तुमचं नाव आणि घराचा पत्ता पुसा.

हिशेबनीस

न्यू जर्सीत आधी प्लेट मोटर व्हेइकल कमिशनकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि त्यानंतरच विमा रद्द करायचा. उलटं केलंत तर विमा नसल्याबद्दल कारवाई तुमच्यावर होऊ शकते. ती पावती आणि जबाबदारीतून मोकळं केल्याचं पत्र, दोन्ही स्कॅन करून मेहुण्यांनाही पाठवा. मार्चमध्ये त्यांच्या कर्जाच्या फाइलला लागेल.

गुरुवारचं काय झालं ते कळवा.