ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड: तुमची पहिली वसाहत कशामुळे बुडाली?

मंडळी,

गेल्या महिन्यात भाच्याने हा गेम घेतला आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "मामा, सगळे गुदमरून मेले. कुठे चुकलं तेच कळत नाहीये." तासभर समजावलं त्याला. फोन ठेवल्यावर वाटलं, माझ्या एकट्याच्या अनुभवाने त्याचं भागणार नाही. तुम्ही सगळ्यांनीच लिहायला हवं.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हँकुव्हरच्या क्ले एंटरटेनमेंटचा हा गेम जुलै २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. लघुग्रहाच्या पोटात तीन डुप्लिकंट, म्हणजे आपल्या वसाहतीची माणसं (आपण त्यांना डुप म्हणतो), जागे होतात. त्यांचा श्वास, जेवण, पाणी, वीज, संडास, सगळं आपण बघायचं. एक दिवस म्हणजे एक सायकल, ६०० सेकंदांची.

वसाहत साठाव्या सायकलला मरते, पण चूक विसाव्या सायकलला झालेली असते. हे कळेपर्यंत माझ्या तीन वसाहती गेल्या. तुमची ती विसाव्या सायकलची चूक लिहा, वर आपलं गाव टाकून.

माझ्यापासून सुरुवात करतो. प्रिंटिंग पॉड दर तीन सायकलींनी नवा माणूस देऊ करतो, आणि मी हावरटासारखा घेत गेलो. तिसाव्या सायकलला अकरा डुप! एक डुप सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन घेतो, म्हणजे सायकलला ६० किलो. एक ऑक्सिजन डिफ्यूझर पाच जणांना पुरतो आणि त्यासाठी सायकलला ३३० किलो अल्गी, म्हणजे शेवाळ, खातो. अकरा जणांना तीन डिफ्यूझर लागले. मी रोज खोदकाम, बांधकाम, संशोधन बघत होतो. अल्गी किती उरली ते एकदाही बघितलं नाही. डोक्यावर श्वास कोंडल्याची खूण दिसली तेव्हा नवी अल्गी शोधायला पाठवलेले डुप अर्ध्या वाटेवरून श्वास घ्यायला परत येऊ लागले.

भाच्याला पहिलं हेच सांगितलं: सहा-सात जणांवर थांब. पॉडवर सगळं नाकारायचीही सोय आहे, आणि माणसाऐवजी सामानाचं पॅकेज मिळत असेल तर ते घे.

ठाणे

मी नर्स आहे, रात्रपाळीहून आल्यावर खेळते. नवीन लोक पॉज वापरत नाहीत, हे मला फार जाणवतं. स्पेसबार दाबा, सगळी कामं लावा, प्राधान्य ठरवा, मग सोडा. पॉजमध्ये प्रत्येक हुकूम देता येतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

माझी वसाहत उपाशी मेली. डुपला सायकलला १००० किलोकॅलरी लागतात. मीलवुडचं एक रोप तीन सायकलींनी ६०० देतं. म्हणजे माणशी पाच रोपं. मी आठ जणांना बारा लावली होती. साठवणीतलं संपेपर्यंत सगळं आलबेल दिसतं, हीच फसगत. आणि लक्षात ठेवा, मीलवुडला प्रत्येक रोपामागे सायकलला १० किलो माती लागते. मातीही संपते.

नाशिक

ठाणेकर ताईंचा हिशेब बरोबर आहे. माझी रोपं पुरेशी होती, तरी माणसं उपाशी राहिली.

आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे पारा बघायची सवय लहानपणापासूनची. गेममध्ये तो बघायचं सुचलंच नाही. मीलवुड ३० अंशांपर्यंतच वाढतं. मी जागा वाचवायला कोळशाचे दोन जनरेटर आणि बॅटऱ्या शेताच्या भिंतीला लागूनच बांधल्या. चाळिसाव्या सायकलच्या आसपास भिंतीकडचं पहिलं रोप थांबलं. मला वाटलं माती कमी पडली. दोन सायकलींनी शेजारचं थांबलं. मग त्याच्या शेजारचं. ओळीने, एकेक, भिंतीपासून आतल्या बाजूला. तापमानाचा ओव्हरले, म्हणजे उष्णता रंगांत दाखवणारा पडदा, लावला तेव्हा अख्खं शेत नारिंगी झालेलं, भिंत तर लालच. जनरेटर पाडले, पण आत शिरलेली उष्णता जाणार कुठे? बंद खडकात ती तशीच बसते. या गेममध्ये गरम करणं फुकट आहे, गार करण्यासाठी घाम गाळावा लागतो.

आता मी पहिल्या दिवसापासून यंत्रं एका कोपऱ्यात आणि शेत दुसऱ्या टोकाला ठेवतो, मध्ये उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेटेड टाइल्स. इलेक्ट्रोलायझरवर जाल तेव्हा आणखी सांभाळा. तो सेकंदाला किलोभर पाण्यातून ८८८ ग्रॅम ऑक्सिजन देतो, पण निदान ७० अंशांचा. तो तसाच शेतावर सोडलात की माझ्यासारखं व्हायचं.

डॉर्टमुंड, जर्मनी

माझं छोटंसंच. कार्बन डायऑक्साइड जड, तो तळाला बसतो. मी झोपायची खोली सगळ्यात खाली बांधली होती आणि माणसं रात्री धापा टाकत उठायची. खोली दोन मजले वर नेली आणि पायथ्याशी रिकामा खड्डा खणून ठेवला. सुरुवातीच्या बऱ्याच सायकली तेवढ्यावर निघतात.

नागपूर

वीजखात्यातून निवृत्त झालो आहे, मुलीने हा गेम लावून दिला. साध्या वायरवर १००० वॅट. नवीन माणूस समजतो की जनरेटर जास्त लावले म्हणून वायर जळते. तसं नाही. त्या वायरवरची यंत्रं एका वेळी किती ओढतात, त्यावर ती जळते. सगळं घर एकाच वायरवर टाकू नका, ट्रान्सफॉर्मर लावून वेगवेगळी मंडळं करा. आणि स्मार्ट बॅटरी लवकर शोधा. बॅटरी भरली की ती जनरेटर बंद करते, कोळसा वाचतो आणि नाशिककरांना छळणारी उष्णताही टळते.

एका बाबतीत माझं मत इथल्या बऱ्याच जणांना पटणार नाही. पहिली वसाहत कोणाचाही व्हिडिओ न बघता बुडू द्या. नकाशा बघून बांधलेलं यंत्र बिघडलं की ते का बिघडलं हे उमगत नाही.

पुणे

काका, आदर ठेवून असहमत. माझ्या मुलाने दोनदा तसं केलं आणि गेम सोडून दिला. मग आम्ही दोघांनी मिळून फक्त पाण्याचा भाग बघितला, बाकी स्वतः. फ्लशच्या संडासात ५ किलो पाणी जातं आणि ११.७ किलो घाण पाणी बाहेर येतं. ते वॉटर सीव्हमधून, म्हणजे पाण्याच्या गाळणीतून, काढलं की स्वच्छ दिसतं, पण जंतू तसेच राहतात. आम्ही तेच पाणी स्वयंपाकघराला जोडलं होतं. आता सीव्हचं पाणी परत संडासालाच जातं, आणि उरलेलं वेगळ्या टाकीत.

सातारा

मी कालच घेतला. पॉज करून हा धागा वाचतेय, तिघं जण खोदता खोदता थांबलेत. पहिला संडास कुठे बांधू?

नाशिक

ताई, पॉडपासून जवळ, पण जेवणाच्या साठ्यापासून लांब. आणि हात धुवायचं बेसिन बाहेर पडायच्या वाटेवरच ठेवा, संडासाच्या पलीकडे नको. डुप बेसिनवरून गेला तरच हात धुतो.