घटना तीच, पण देश बदलला की निकाल उलटा, असं टॉर्टमधलं उदाहरण आहे का?

गोंधळलेला_एलएलबी
नमस्कार मंडळी. कम्पॅरेटिव्ह टॉर्टचं (म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा, देशोदेशीची तुलना करून) प्रेझेंटेशन माझ्या गळ्यात पडलंय. पुस्तकं उघडली की सगळीकडे तेच, कॉमन लॉ निवाड्यांवर चालतो आणि सिव्हिल लॉ संहितेवर, हे दहा वेळा वाचून पाठ झालं पण त्याने निकालात नक्की काय फरक पडतो ते काही केल्या डोक्यात शिरत नाहीये. तू हयगय केलीस, माझं नुकसान झालं, आता भरून दे, हे तर जगात कुठेही सारखंच असणार ना? तर असं एखादं उदाहरण सांगा जिथे घटना एकच पण वादी एका देशात हरतो आणि दुसऱ्यात जिंकतो. आणि प्लीज, बाटलीतली गोगलगाय (डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची प्रसिद्ध केस) नको, ती वर्गातले निम्मे लोक आणणार आहेत.

वकीलकाका
गोगलगायीला सोडलंस ते बरं केलंस. (ती केस मुळात स्कॉटलंडची, १९३२ ची, तरी सगळे इंग्लंडच्या खात्यावर मांडतात.)

तू केबल घे. स्पार्टन स्टील विरुद्ध मार्टिन, इंग्लंडची केस, निकाल १९७२ चा, रिपोर्टात १९७३ ला आला. रस्ता खोदताना कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी फॅक्टरीला जाणारी विजेची केबल तोडली. केबल फॅक्टरीची नव्हे, वीज मंडळाची, हे नीट लक्षात ठेव कारण सगळी गंमत तिथेच आहे. साडेचौदा तास लाईट गेली. भट्टीत माल वितळत होता तो थिजून भट्टी बाद होऊ नये म्हणून बाहेर काढावा लागला, त्याची किंमत ३६८ पाउंडांनी उतरली. तो माल नीट झाला असता तर त्यावर ४०० पाउंड नफा सुटला असता. आणि लाईट असती तर त्या वेळात आणखी चार घाणे निघाले असते, त्यांचा नफा १७६७ पाउंड.

कोर्टाने ३६८ दिले, ४०० दिले, १७६७ दिले नाहीत. हयगय तीच, माणसं तीच, लाईट तीच. पण पहिल्या दोन रकमा एका खऱ्याखुऱ्या वस्तूच्या खराबीला चिकटलेल्या होत्या आणि तिसरी नुसता बुडालेला पैसा, ज्याला प्युअर इकॉनॉमिक लॉस म्हणतात. न्यायमूर्ती डेनिंगसाहेबांनी सरळ सांगितलं की हा धोरणाचा प्रश्न आहे, लाईट जाणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, लोक सोसून घेतात, याचे दावे घ्यायला लागलो तर अंत राहणार नाही. तिघांपैकी एक न्यायमूर्ती मात्र सगळे पैसे द्यायला तयार होते.

गोंधळलेला_एलएलबी
भारी आहे काका. म्हणजे फ्रान्समध्ये १७६७ पण मिळाले असते?

खिडकीजवळची
मिळाले असते असं धरून चालायला हरकत नाही, कारण १९७० मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टासमोर जवळपास हेच आलं होतं. फक्त केबलच्या जागी गॅसची पाइप होती, बुलडोझरने फोडली, गॅस बंद म्हणून फॅक्टरी बंद, आणि कॉन्ट्रॅक्टर जबाबदार ठरला.

कारण त्यांच्या संहितेचं कलमच बघा ना. १२४० (२०१६ च्या फेररचनेआधी १३८२, जुन्या पुस्तकात तोच नंबर दिसेल) इतकंच म्हणतं की ज्याच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान होतं त्याने ते भरून द्यावं. कसलं नुकसान, अंगाचं की मालाचं की नुसत्या पैशाचं, काही विचारतच नाही. १८०४ पासून वाक्य जवळपास तसंच आहे.

जर्मन लोकांनी बरोब्बर उलटं केलं. १९०० ला लागू झालेल्या त्यांच्या संहितेत कलम ८२३ ने यादीच दिली, जीव, शरीर, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता, आणि असे इतर हक्क. पैसा बुडाला हे यादीत नाही. त्यामुळे त्यांच्याकडे केबल तुटून नुसतं काम बंद पडलं तर कारखानदार हात हलवत परत येतो. पण १९६४ ची अंड्यांची केस आहे, तोडलेलं झाड विजेच्या तारेवर पडलं, अंडी उबवणारं मशीन बंद पडलं, अंडी वाया गेली, तिथे पैसे मिळाले कारण अंडी म्हणजे मालमत्ता. म्हणजे इंग्लंड आणि जर्मनी वेगवेगळ्या वाटेने येऊन जवळपास एकाच दारात उभे राहिले आणि फ्रान्स पलीकडच्या गल्लीत. त्यामुळे कॉमन लॉ एका बाजूला आणि सिव्हिल लॉ दुसऱ्या बाजूला ही पुस्तकी जोडी इथे चालतच नाही, तुम्ही प्रेझेंटेशनमध्ये हेच फोडून सांगा.

अर्धवटराव
मग फ्रान्समध्ये लाईट गेली की अख्खं शहर दावे ठोकत असेल 😄

खिडकीजवळची
नाही हो. गाळणी आहे, फक्त ती दुसरीकडे लावलीय. नुकसान निश्चित हवं आणि थेट हवं, त्यामुळे जे इंग्लंडचा न्यायाधीश "तुझ्यावर काळजी घेण्याचं कर्तव्यच नव्हतं" म्हणून दारात अडवतो ते फ्रान्सचा न्यायाधीश कार्यकारणाच्या नावाखाली आत घेऊन मग बाहेर काढू शकतो. आणि तिथल्या सर्वोच्च कोर्टाचे जुने निकाल इतके त्रोटक असतात की नक्की का काढलं ते शोधत बसा. मला स्वतःला डेनिंगची पद्धत आवडते, निकाल पटला नाही तरी माणूस निदान कारण तोंडावर सांगतो.

अर्धवटराव
आणि अमेरिका? तिथे अंगावर कॉफी सांडली की माणूस कोट्यधीश.

वकीलकाका
ही कॉफीची गोष्ट एकदा पूर्ण वाच रे बाबा. मॅकडोनाल्ड्सवरची केस, १९९४ ची, न्यू मेक्सिकोची. म्हातारी बाई, थर्ड डिग्री भाजलेली, त्वचारोपण करावं लागलं. ज्यूरीने भरपाई २ लाख डॉलर ठरवली आणि २० टक्के चूक तिची स्वतःची म्हणून १ लाख ६० हजारांवर आणली. ते २७ लाख जे सगळे सांगतात ते प्युनिटिव्ह, म्हणजे कंपनीला अद्दल घडवायचे, आणि न्यायाधीशाने ते ४ लाख ८० हजारांवर आणले, पुढे आपसात मिटलं. हे कोणी सांगत नाही कारण मग जोक राहत नाही.

पण तुझ्या विषयाला प्युनिटिव्ह हा खरंच मोठा फरक आहे. जर्मन कायद्यात भरपाई म्हणजे नुकसान भरणं, शिक्षा करणं हे फौजदारीचं काम. १९९२ ला अमेरिकन कोर्टाचा हुकूमनामा बजावणीसाठी तिकडे गेला तेव्हा त्यांच्या सर्वोच्च कोर्टाने बाकी रक्कम मान्य केली पण प्युनिटिव्हचा भाग आमच्या सार्वजनिक धोरणात बसत नाही म्हणून नाकारला.

शेवटचा_बाक
तुम्ही सगळे चूक कोणाची चूक कोणाची करताय, न्यूझीलंडने तो प्रश्नच फेकून दिला. १ एप्रिल १९७४ पासून अपघातात इजा झाली की सरकारी योजनेतून पैसे, आणि त्या इजेच्या भरपाईसाठी दावा लावायचा हक्कच गेला. अद्दल घडवण्याचे पैसे तेवढे अजून मागता येतात.

आणि आपल्याकडचं पण घाल की. पोलॉक नावाच्या इंग्लिश कायदेपंडिताने १८८६ ला आपल्यासाठी टॉर्टच्या संहितेचा मसुदा केला होता, तो कधी कायदा झालाच नाही म्हणून आपण अजून निवाड्यांवर. पण आपण नुसते इंग्लंडच्या मागे गेलो नाही, ऑलियम गॅसगळतीच्या केसमध्ये १९८६ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या जुन्या इंग्लिश केसमधल्या नियमाचे (धोकादायक वस्तू निसटून नुकसान झालं तर चूक नसतानाही जबाबदार) सगळे अपवाद उडवून अ‍ॅब्सोल्यूट लायबिलिटी, म्हणजे कुठलीच सबब न चालणारी जबाबदारी, आणली. धोकादायक धंदा करतोस ना, मग दैवी कोप न् तिऱ्हाइताची करणी काही सांगायचं नाही.

गोंधळलेला_एलएलबी
सगळ्यांचे आभार, पण मी केबलवरच राहतो, दहा मिनिटंच आहेत. काका एक शंका, लाईट गेली तेव्हा स्पार्टनची भट्टी रिकामी असती तर?

वकीलकाका
तर एक पाउंड पण नाही.