ही-मॅनच्या पुस्तिकांतली नागफणावाली देवी आणि कार्टूनमधली ससाण्याच्या पंखांची सॉर्सरेस: एकच की दोन?

अर्धीतलवार:
ही-मॅन ज्याचा नायक, त्या मास्टर्स ऑफ द युनिव्हर्सच्या खेळण्यांसोबत मॅटेल ही खेळण्यांची कंपनी ज्या छोट्या कॉमिक पुस्तिका द्यायची, त्यांची क्रमवार यादी करतोय. किल्ला ग्रेस्कलच्या जादूगार स्वामिनीपाशी येऊन गाडी अडली आहे. पहिल्या पुस्तिकेत ती हिरव्या कातडीची, डोक्यावर नागाचा फणा. पुढे कुठे तिला नुसतं ‘गॉडेस’ म्हटलंय, आणि दूरदर्शनवर पाहिलेली सॉर्सरेस तर ससाण्याच्या पिसांची. ही पात्रं वेगळी धरायची की एकच?

दुसरं, टीला या योद्धा-नायिकेच्या जुन्या खेळण्याबरोबर नागफणाच का येतो? एका ठिकाणी चिलखत नसलेली टीला ‘१९८२ची सॉर्सरेस’ म्हणून विकायला आहे, पाय लोंबताहेत. असं वेगळं खेळणं खरंच होतं का? घेण्याआधी काय तपासायचं?

कवटीगड:
यादीत एकच नोंद ठेवा, पण तिच्याखाली तीन टप्पे पाडा. गोंधळ होतो तो सगळ्या पुस्तिका एकाच जगातल्या समजून वाचल्या की.

पहिला टप्पा १९८२च्या चार पुस्तिकांचा. मजकूर डोनाल्ड ग्लटचा, चित्रं फिलिपिनो चित्रकार आल्फ्रेडो अल्काला यांची. पानाला एक चित्र आणि खाली मजकूर, संवादाचे फुगे नाहीत, म्हणजे कॉमिकपेक्षा सचित्र गोष्टीचं पुस्तकच. या जगात राजवाडा नाही, प्रिन्स ॲडम (ही-मॅनचं राजपुत्राचं रूप) नाही. ही-मॅन जंगलातल्या टोळीतून आलेला योद्धा आहे आणि त्याला हत्यारं, चिलखत देणारी बाई म्हणजे तुमची हिरवी जादूगारीण. तलवारीचे दोन भाग आहेत, दोन्ही जुळले तर किल्ल्याचं दार उघडतं. हे ध्यानात ठेवा, कारण इथे ती किल्ल्यात राहत नाही. किल्ल्याची राखणदार ही कल्पनाच तिला नंतर चिकटली. सुरुवातीला किल्ल्याला स्वतःचं भूत होतं, ‘स्पिरिट ऑफ ग्रेस्कल’. ते पुढे मागे पडलं आणि त्याचं काम हळूहळू या बाईकडे आलं.

दुसरा टप्पा १९८३चा, डीसी कॉमिक्सकडून करून घेतलेल्या पुस्तिकांचा. लेखक गॅरी कोन, रेखाटन मार्क टेक्सेरा. आता फुगे आणि चौकटी आल्या. देवी आहे, नागफणा आहे. तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात महत्त्वाची पुस्तिका ‘द टेल ऑफ टीला’. तिच्यात ही-मॅनचा शत्रू स्केलेटरने जादूनं देवीची हुबेहूब प्रत घडवायचा डाव टाकलेला असतो, त्यातून निपजलेलं मूल म्हणजे टीला, आणि तिला ही-मॅनचा साथी मॅन-ॲट-आर्म्स वाढवतो. दोघींचा चेहरा एक का, याचं कथेतलं उत्तर इथे मिळतं. कथेबाहेरचं उत्तर खेळण्याच्या साच्यात आहे, ते या धाग्यावरचे सदस्य झोअर सांगतील.

तिसरा टप्पा फिल्मेशन या कंपनीने बनवलेल्या कार्टूनचा. ते सप्टेंबर १९८३मध्ये सुरू झालं, एकूण १३० भाग. १९८४पासूनच्या पुस्तिका त्याच्या मागे गेल्या. नाग गेला, ससाणा आला. सॉर्सरेस किल्ल्यात राहते, किल्ल्याबाहेर तिच्या मानवी रूपाची ताकद ओसरते, म्हणून बाहेर पडायचं तर झोअर नावाचा ससाणा होऊन. ‘टीलाज क्वेस्ट’ या भागात टीला तिची पोटची मुलगी असल्याचं उघड होतं आणि आई लगेच मुलीची ती आठवण पुसून टाकते. म्हणजे प्रतिकृतीची भानगड रद्द, रक्ताचं नातं लागू. दोन्ही एकाच यादीत ‘खरं’ म्हणून लिहिलंत तर यादी कोसळेल.

सगळं एका जागी हवं असेल तर डार्क हॉर्स या प्रकाशकाने २०१५ साली काढलेला मिनीकॉमिक संग्रह बघा. १,२३२ पानांचा ठोकळा आहे, मांडीवर घेऊन वाचायचा नाही, टेबलावर ठेवूनच. क्रम लावायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

झोअर:
खेळण्याचं सांगतो. १९८२मध्ये सॉर्सरेस नावाचं वेगळं खेळणं नव्हतं. मॅटेलचे आरेखक मार्क टेलर यांच्या कागदावर दोन बायका होत्या, एक योद्धा आणि एक नागवेषातली जादूगारीण. मुलग्यांसाठीच्या मालिकेत दोन स्त्री-पुतळ्यांचा खर्च कंपनीला परवडेना, म्हणून दोघींना एकाच पुतळ्यात बसवलं. नुसती ठेवली तर टीला, नागफण्याचं चिलखत चढवून हातात नागाची काठी दिली की देवी. वर पाकिटावर टीलाची ओळख ‘वॉरियर गॉडेस’ अशी छापली, त्यामुळे घोळ पक्का झाला. कवटीगड म्हणतात ती प्रतिकृतीची गोष्ट ही या काटकसरीला मागाहून दिलेली सबब आहे, आणि माझ्या मते पूर्ण मालिकेतली सगळ्यात चलाख सबब.

काटकसर पुढेही चालूच राहिली. १९८३ची इव्हिल-लिन (स्केलेटरची साथीदार जादूगारीण) त्याच अंगाच्या साच्यातली, फक्त कातडी पिवळी. झोअर ससाण्याचं खेळणं निघालं तेही मॅटेलच्याच बिग जिम मालिकेतल्या गरुडाचा साचा वापरून. कार्टूनमध्येही तोच प्रकार: टीला, सॉर्सरेस, इव्हिल-लिन आणि ॲडमची आई राणी मार्लेना या चौघींना लिंडा गॅरी या एकाच बाईंचा आवाज.

खऱ्या सॉर्सरेसचं पहिलं खेळणं १९८७चं, पाठीवरची कळ दाबली की पंख उघडणारं. तोवर मालिका उतरणीला लागली होती, त्यामुळे ते कमी सापडतं आणि त्याचे अखंड पंख आणखी कमी. म्हणून ‘१९८२ची सॉर्सरेस’ असं लिहिणारा विक्रेता एकतर अडाणी आहे, नाहीतर तुम्हाला तसं समजतोय.

घेण्याआधी एवढं बघा:

अंगावर कोरलेलं साल हे कॉपीराइटचं साल असतं, बनवल्याचं नव्हे. १९८१ दिसलं म्हणजे पहिल्या खेपेतली, असं होत नाही. तोच साचा पुढे वर्षानुवर्षं चालला.

चिलखत आणि काठी वेगवेगळी मागवायची वेळ आली तर नकलेचा धोका काठीत जास्त. चिलखताचा आणि काठीचा रंग दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून फोटो मागा. नकली काठी बहुधा जास्त चकचकीत असते, नागाच्या डोक्याच्या रेषा बोथट असतात, कारण ती मूळ काठीवरूनच साचा काढून ओतलेली असते आणि प्रत्येक नकलेत बारकावे थोडे झिजतात.

कंबर फिरवून सोडायला सांगा. आत स्प्रिंग आहे, ती पुतळ्याला झटक्यात मूळ जागी आणते. अर्ध्यात अडकली किंवा ढिली फिरली तर स्प्रिंग गेलीय. धड जोडीवर चिकटवलेलं असतं, त्यामुळे ती बदलायची म्हणजे धड फोडण्याचं काम. तसा पुतळा सोडून द्या. पाय लोंबणं त्या मानाने किरकोळ आहे.

पानापानावर:
एक हरकत. धागाकर्त्याने ‘स्वामिनी’ म्हटलंय, ते फिल्मेशननंतरच्या कथांपुरतं किल्ल्याबाबत ठीक, एटर्निया या त्यांच्या जगाबाबत नाही. राज्य ॲडमचा बाप राजा रॅंडोरचं. १९८२च्या मधोमध सुपरमॅनसोबतच्या ‘डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स’ अंक ४७मध्ये राजपुत्र ॲडम आला आणि राजघराणं कथेत शिरलं. त्याआधीच्या चार पुस्तिकांत कुठलाच राजा नाही, म्हणून तिथे ती सगळ्यांच्या वरची वाटते. यादीत ‘राज्यकर्ती’ असा रकाना केलात तर पहिल्या टप्प्यात रिकामा सोडा, तिसऱ्यात ‘किल्ल्याची राखणदार’ लिहा. तिच्या हाती सैन्य नाही, खजिना नाही, कायदा नाही. ती सल्ला देते आणि शक्ती कोणाला द्यायची ते ठरवते. सत्ता म्हणाल तर एवढीच, पण रॅंडोरकडे आहे त्याहून जास्त.

अर्धीतलवार:
सगळ्यांचे आभार. तीन टप्पे केले, ‘राज्यकर्ती’चा रकाना काढूनच टाकला. ती लोंबणाऱ्या पायांची टीला आता चिलखतासकट स्वस्तात मिळतेय, कंबर नीट उडते असं विक्रेत्याने व्हिडिओत दाखवलं. पाय घरी बसवता येतील का? आणि सोबतच्या पुस्तिकेच्या पिना गंजल्या आहेत.

कवटीगड:
पायांचं येतं. दोन्ही मांड्यांच्या वरच्या टोकाला हुक असतात आणि धडाच्या आत त्यांना जोडणारं रबर. ते रबर वाळून तुटतं, बाकी काही बिघडलेलं नसतं.

पुतळा गरम पाण्यात बुडवू नका, कंबरेच्या स्प्रिंगपर्यंत पाणी गेलं की आत गंज धरतो. केस वाळवायचा ड्रायर मंद ठेवून मांडीच्या सांध्यावर फिरवा, एका जागी धरू नका. प्लास्टिक कोमट आणि लवचिक झालं की एक पाय हळूहळू बाहेर ओढा. चिमट्याने जुन्या रबराचे सगळे तुकडे काढा. एक तुकडा जरी आत राहिला तरी पाय तिरका बसतो. क्रोशाच्या सुईने नवी कडी एका हुकात अडकवा, धडातून आरपार ओढा, दुसऱ्या बाजूला ताणून धरा आणि दुसरा हुक त्यात घाला. इथे दुसरा माणूस लागतो, दोन हातांत भागत नाही.

कडी म्हणून नळाच्या दुकानातली नायट्राइलची ओ-रिंग घ्या. पाय जागेवर धरून हुकापासून हुकापर्यंतचं अंतर मोजा, न ताणता पडलेल्या रिंगची लांबी त्याच्या साधारण दोन तृतीयांश असावी. त्याहून आखूड घेतली तर ताण हुकावर येऊन हुकच मोडतो, मग दुरुस्ती नाही. जाड घेतली तर पाय फिरत नाही. ऑफिसातलं साधं रबर बँड वापरू नका, दमट हवेत ते चिकट होऊन आतच वितळल्यासारखं होतं आणि पुढच्या वेळी खरवडावं लागतं.

पाय किंवा चेहरा चिकट लागत असेल तर व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येतंय. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, तोही रंगवलेल्या भागावर न घासता. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, रंग आणि पृष्ठभाग दोन्ही जातील. चिलखत थंडीत चढवू नका. जुनं प्लास्टिक ताठ असतं, जोर लावला की कडेला तडकतं. हातात दोन मिनिटं धरून ऊब द्या, मग डोक्यावरून खाली घाला.

पानापानावर:
पुस्तिकेच्या पिना आतल्या बाजूने उघडा, बाहेरून ओढल्यात तर मुखपृष्ठ भोकापाशी फाटेल. पातळ सुरीच्या बोथट बाजूने पिनेची दोन्ही वाकलेली टोकं सरळ करायची आणि मग पाठीकडून पिन सुटू द्यायची. गंजाचा डाग कागदातून निघत नाही, ओला करून काढायचा प्रयत्न केला तर पसरतो. परत जोडायचं असेल तर जुन्याच भोकांतून, स्टेनलेस पिनेने किंवा सुती दोऱ्याने.

ठेवायला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या. स्टेशनरीच्या दुकानातला जाड, वास येणारा पारदर्शक फोल्डर पीव्हीसीचा असतो, त्याला शाई चिकटते. कोकण-मुंबईकडे असाल तर जूनच्या आधी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पाऊसभर अधूनमधून वाळवत राहा. पुस्तिका आणि पुतळा एकाच डब्यात मात्र नको, चिकट व्हिनाइल कागदाला लागलं तर मुखपृष्ठावर तेलकट डाग उठतो.