आधी फिल्टर आणि गिअरिंग, सायलेन्सर नंतर

वाळूच्या टेकड्यांवर चालवायला डर्ट बाइकमध्ये काय बदल करावेत, ही वरची चर्चा सायलेन्सर आणि मॅपिंगवरच (इंजिनाच्या इंधन-स्पार्कच्या सेटिंगवरच) अडकली आहे. एकाने लिहिलंय की टायरची हवा कमी केली की झालं. हवा कमी करायचीच, पण ८-१० पीएसआयपर्यंत उतरणार असाल तर मागच्या चाकाला रिम लॉक, म्हणजे टायर रिमला घट्ट दाबून धरणारा क्लॅम्प, हवंच. नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो.

पैसे घालायचेच तर आधी मागचं स्प्रॉकेट (चेन फिरते ते दातेरी चाक) दोन-तीन दात मोठं घ्या. वाळू गाडीला सतत मागे खेचते. गिअरिंग लांब, म्हणजे वेगासाठी जास्त आणि ओढीसाठी कमी, असेल तर चढावर इंजिन दम टाकतं, मग आपण क्लच घासत बसतो.

एअर फिल्टरबद्दल मात्र मी हट्टी आहे. आत गेलेली बारीक वाळू पिस्टन रिंग आणि सिलिंडर खाते. फोमला तेल, कडेला ग्रीस, वरून बारीक जाळीचं कव्हर. राइडनंतर फिल्टर काढून इनटेकच्या (इंजिनात हवा जाते त्या नळीच्या) तोंडाशी आतून स्वच्छ बोट फिरवा. एक जरी कण बोटाला लागला, तरी फिल्टर नीट बसलेला नाही.

आणि कृपा करून अनोळखी टेकडीच्या माथ्यावरून उडी मारू नका. वाऱ्याच्या आडची बाजू ३०-३४ अंशांनी एकदम कोसळते. माथ्याशी वेग कमी करून तिरकं वळा, पलीकडे बघा, मगच सरळ रेषेत उतरा: वजन मागे, थोडा थ्रॉटल चालू, पुढच्या ब्रेकला हात नाही. समोरून येणाऱ्याला दिसावं म्हणून गाडीला उंच काठीचा झेंडा लावाच.