सरकारी इमारतीचं आवार नव्याने आखताना लोकांना नेमकं काय विचारायचं?

पायवाट (धागाकर्ता)

सरकारी इमारतीपुढचं मोकळं आवार नव्याने करायचं ठरलं की क्रम ठरलेला. आधी रंगीत चित्र तयार होतं, मग ते भिंतीवर लावून हरकती-सूचना मागवतात. तोवर लेव्हल (जमीन कुठे किती उंच-सखल ठेवायची ते) पक्क्या झालेल्या, अंदाजपत्रक सही होऊन पुढे गेलेलं. लोकांच्या हाती उरतो बाकांचा रंग.

माझं म्हणणं, विचारायचं ते चित्र काढण्याआधी. आणि 'तुम्हाला काय हवं?' हा प्रश्नच नको, त्याला कारंजं आणि लॉन हीच उत्तरं येतात. कुठून आत येता, किती वेळ थांबावं लागतं, उन्हात कुठे उभे राहता, फॉर्म कशावर ठेवून भरता, सोबत कोण असतं, हे विचारा. तेही रांगेत उभ्या असलेल्यांना. संध्याकाळच्या सभेला रिकामा वेळ असलेलेच येतात.

सोबत मोजणी हवीच: नेहमीचा कामाचा दिवस, सुनावणीच्या गर्दीचा दिवस आणि सुट्टीचा दिवस. दर तासाला पंधरा मिनिटं, नकाशावर बसलेले, उभे आणि चालणारे यांच्या वेगळ्या खुणा करायच्या. हिरवळ तुडवून पडलेली वाट दिसली तर तिला कुंपण घालू नका, तिथेच फरशी टाका. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या इमारतींपुढच्या मोकळ्या पटांगणांचं कॅमेरे लावून निरीक्षण केलं. निष्कर्ष काय, तर जिथे बसायची सोय असते तिथे लोक बसतात. एवढं साधं असूनही बाकांची जागा आजही कागदावरची समतोल रचना बघून ठरते.

ओळंबा

असहमत. आधी जमिनीखाली काय आहे ते बघा, मग रांगेत विचारत फिरा. केबल, सांडपाण्याची लाइन, संकटकाळी बाहेर पडायचं दार, अग्निशमन बंबाची वाट, यांवर कुणाचं मत घेणार? बंबाच्या वाटेवर लोकांच्या आग्रहाखातर पायी चालण्यापुरते ६० मिमीचे पेव्हर ब्लॉक बसवले की पहिल्याच जड गाडीखाली चाकांच्या रेषेत जमीन बसते. मग दोष ब्लॉकला देतात. खरं तर तिथे ८० मिमीचा ब्लॉक हवा, खाली नीट दाबलेली खडी, त्यावर साधारण ३० मिमी वाळू आणि कडेला पक्की काँक्रीटची पट्टी. ती पट्टी नसेल तर वाळू कडेने निसटते आणि सांधे उघडतात.

पाण्याचंही तसंच. १००० चौरस मीटर फरसबंदीवर ५० मिमी पाऊस पडला की ५० हजार लिटर पाणी जमतं. ते कुठे जाणार, याचं उत्तर हात वर करून मिळत नाही. नक्की गोष्टींची यादी आधी जाहीर करा आणि उरलेल्यावरच विचारा. नाहीतर लोकांना खोटी आशा लावल्यासारखं होतं.

कट्टेकरी

तुम्हा दोघांचंही एका गोष्टीवर एकमत दिसतंय: निर्णय आपल्याकडे, लोकांकडून फक्त माहिती. लोकसहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात सल्ला विचारणं हे चौथ्या पायरीवर येतं, आणि खरा अधिकार सहाव्या पायरीपासून सुरू होतो. पायवाट यांची पद्धत नेटकी आहे, पण चौथ्या पायरीवरच थांबते.

माझा उपाय: जमिनीखालची बंधनं सांगा (ओळंबा, ही तुमची यादी मान्य) आणि उरलेल्या पैशांचं वाटप लोकांकडून करून घ्या. प्रत्येकाला दहा टोकन. कारंजं चार, सावलीचं छत तीन, बाकांची ओळ एक, अशी किंमत लावा, आणि त्या किमतीत पुढच्या दहा वर्षांची देखभाल धरा. चित्रांवर ठिपके चिकटवण्याचं मतदान मात्र नको. उशिरा येणारा आधीचे ठिपके बघून गर्दी असेल तिथेच आपला लावतो. टोकन टाकायची पेटी बंद ठेवा.

झाडलोट

देखभालीचा मुद्दा निघाला हे बरं झालं, कारण आवार झाडणारे, माळी आणि रात्रपाळीचा पहारेकरी यांना कुणीच विचारत नाही. पाणी कुठे तुंबतं, कुठला दिवा झाडाच्या फांदीत गुरफटलाय, हे त्यांना तोंडपाठ असतं.

काही गोष्टी डोळे झाकून नाकारा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट बाहेर नको, ओला झाला की माणूस घसरतोच. खरबरीत केलेला चालेल. बाकांखाली किमान झाडू जाईल एवढी जागा हवी. कारंज्याचा पंप एकदा बंद पडला की ती टाकी म्हणजे डासांची सोय. दहा मीटरच्या खांबाऐवजी चार मीटरचे जास्त खांब लावा, म्हणजे उजेड फांद्यांच्या खालून येतो.

पायवाट

टोकनवर एक शंका. सावलीचं छत आणि व्हीलचेअरचा उतार हे दोन्ही मतदानात टाकले तर उतार हरेल, कारण ज्याला तो लागतो तो बहुतेकदा त्या दिवशी तिथे नसतो. काही गोष्टी बहुमतावर सोडता येत नाहीत.

बॉस्टनच्या सिटी हॉलपुढचं विटांचं भलंमोठं प्रांगण १९६८ पासून पायऱ्यांनी तुटलेलं होतं. २०२२ मध्ये ते नव्याने खुलं झालं तेव्हा मुख्य बदल हाच होता, की एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येईल असा सलग उतार.

ओळंबा

इथे पायवाट यांच्याशी सहमत, आणि आकडे देतो. जोतं ४५ सेंमी असेल तर १:१२ च्या (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) रॅम्पला ५.४ मीटर लांबी लागते. १:२० घेतला तर ९ मीटर, पण तो चढ न वाटता साधी वाट वाटते. चढाच्या आधी आणि नंतर दीड मीटरची सपाट जागा ठेवा. आडवा ढाळ, म्हणजे वाटेच्या रुंदीतला कल, १:५० पेक्षा जास्त नको, व्हीलचेअर एका बाजूला ओढली जाते.

जुन्या झाडांचंही तेच. बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत खोदकाम नको, म्हणजे अर्ध्या मीटरच्या बुंध्याला सहा मीटर. आणि मुळांवर मातीचा भराव घालून लेव्हल वाढवू नका. झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षांनी वाळतं, तोवर कंत्राटदाराची जबाबदारी संपलेली असते.

कट्टेकरी

उतार आणि झाडं मतदानाबाहेर, मान्य. उरलेल्यावर आधी प्रयोग करून बघा. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरचा रस्ता बंद करून घडीच्या खुर्च्या टाकल्या आणि काय होतं ते पाहिल्यावर पुढच्या वर्षी तो बदल कायम केला. इथेही रंग, कुंड्या आणि हलवता येणारे बाक घेऊन आठ आठवडे करता येईल, त्यात निदान एक जोरदार पाऊस यायला हवा. शेवटी प्रत्येक सूचनेपुढे 'घेतली' किंवा 'नाही घेतली, कारण अमुक' असं लिहून यादी फाटकावर लावा.

ओळंबा

आठ आठवडे चालेल, पण वाहन अडवणारे खांब त्याच वेळी बसवा. दोन खांबांत मोकळं अंतर ९० सेंमी ते १.२ मीटर. त्याहून कमी ठेवलं तर व्हीलचेअर अडते, जास्त ठेवलं तर गाडी आत येते. बंबाच्या वाटेवरचे खांब काढता येणारे हवेत, आणि त्यांची किल्ली कुणाकडे असेल ते लेखी ठरवा.